उन्हाळ्यात मला सगळे ओळखू येतात

मला माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण हे न सांगितल्यामुळे अर्धं आयुष्य मी लोकांच्या लेखी घमेंडखोर होते. डोळे माझे ठणठणीत आहेत. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. समोरच्याचं नाक, कपाळ, गालावरचा तीळ, सगळं स्वच्छ दिसतं. पण तोच माणूस वळून दोन घरं पुढे गेला आणि परत आला, की मला नवाच. फोडणीत मोहरी टाकल्यावर कुणी विचारावं, यातली मघाची कोणती, तशी माझी गत होते.

मी खाप्याची. कन्हानच्या काठचं गाव, घरी शेती. लग्न होईपर्यंत आपल्यात काही उणं आहे हे मला कळलंच नाही, कारण गावात माणूस ओळखायला चेहरा लागतच नव्हता. जो तो आपापल्या जागी असायचा. दुकानात दुकानदार, घाटावर धुणं धुणाऱ्या त्याच बाया. कुणी दारात आलं की आधी हाक यायची, "हाय का वं घरी?" हाकेवरून, चपला ओढण्यावरून, खोकल्यावरून मी आतूनच सांगायचे कोण आलंय ते. मला वाटायचं सगळं जग असंच ओळखतं. दुसऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते आपल्याला थोडंच दिसतं?

सत्तरच्या सुमारास लग्न होऊन नागपुरात आले. नवरा पाहायला आला होता तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं होतं, चांगल्या घरच्या मुलीने पाहू नये इतकं. लग्नातही अडचण नव्हती, मुंडावळ्या बांधलेला तो नवरा. फजिती झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. बाहेरच्या खोलीत तो आणि त्याचे दोघे भाऊ, तिघेही पांढऱ्या सदऱ्यात बसलेले, आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. यातला माझा कोणता? घाम फुटला हो मला. तेवढ्यात एकाने घसा खाकरला. पाहायला आला तेव्हाही बोलण्याआधी त्याने असाच खाकरला होता. पहिला कप त्याच्यापुढे धरला. त्या खाकरण्यावर माझा संसार उभा राहिला, असं मी गमतीने म्हणते, पण ते खरंच आहे.

आम्ही हनुमाननगरात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचो. पुढे चार बिऱ्हाडांचं मिळून एक अंगण, अंगणात कडुनिंब. घरात सगळं ठीक होतं. बाहेर पडलं की मी हरवायची. एकदा सीताबर्डीवर भाजीची पिशवी एका परक्याच माणसाच्या हातात दिली आणि म्हटलं, धरा जरा. त्या बिचाऱ्याने धरलीसुद्धा. नवरा पलीकडच्या हातगाडीपाशी उभा राहून हसत होता. त्याला मी वेंधळी वाटायची. वाटू दे, वेंधळी परवडली.

शेजारची काकू मात्र असं मानायला तयार नव्हती. ती आमच्या अंगणाची वडीलधारी, मनाने चांगली आणि तोंडाने फटकळ. घरच्या निळ्या पातळात मी तिला कुठूनही ओळखायची. पण बाजाराला ती नेसायची दुसरं, आणि मी तिच्या समोरून चक्क निघून जायची. दोन-तीनदा असं झाल्यावर तिने मला खाप्याची महाराणी करून टाकलं. मीही काही कमी नव्हते. मला काय होतं ते मलाच माहीत नव्हतं, तर समजावून काय सांगणार? मी उलट बोलायची. मग आठ-आठ दिवस अबोला.

उन्हाळा आला की मला हायसं वाटायचं. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. एप्रिल-मेमध्ये दारांना वाळ्याच्या ताट्या लागायच्या आणि बाहेर पडणारा माणूस दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवायचा. बायका पदर नाकावरून घेऊन मागे खोचायच्या. सगळं गाव एकमेकांना "कोण? तुम्ही का?" असं विचारत फिरायचं, आणि मी आरामात नमस्कार करत जायची. सायकलवर गुडघे बाहेर काढणारे ते पोस्टमन, डावा खांदा पाडून चालतात त्या शाळेतल्या बाई. त्या दोन महिन्यांत मला कुणी घमेंडी म्हटलं नाही. असं का, याचा मी कधी विचार केला नव्हता. उन्हाळा मला मानवतो, एवढंच वाटायचं.

मग मुलगी झाली. घरात होती तोवर ती माझी होती, प्रश्नच नव्हता. शाळेत जायला लागली आणि मी संकटात पडले. शाळा सुटल्यावर फाटकातून पोरींचा लोंढा यायचा, सगळ्यांचे निळे फ्रॉक, सगळ्यांच्या तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी. मी तिच्या दप्तराला हिरव्या कापडाचं मोठं ठिगळ लावलं. दप्तर नवंकोरं होतं. नवरा म्हणाला, फाटलं नाही तर ठिगळ कशाला? मी म्हटलं, फाटेल म्हणून. फाटकापाशी मी ठिगळ शोधायची आणि ठिगळाचा हात धरायची.

ती दुसरीत होती तेव्हा शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचा फुलपाखरांचा नाच होता. पुठ्ठ्याचे पंख, तोंडाला पावडर, ओठ लाल. दप्तर अर्थातच नाही. नाच झाल्यावर सगळी फुलपाखरं मांडवाच्या मागे आली. मी पुढे झाले, एकीला जवळ ओढलं, तिचे पंख सरळ केले, पदराने घाम टिपला आणि घरून आणलेला लाडू तिच्या तोंडात घातला. पोरीने खाल्ला. फुकटचा लाडू कोण सोडतो? ती खात होती आणि तिच्या शेजारी दुसरं फुलपाखरू उभं राहून माझ्याकडे पाहत होतं. ती माझी होती. हाक मारली असती तर मी लगेच ओळखलं असतं. तिने मारली नाही. आई ओळखते का, हे तिला पाहायचं होतं.

तेवढ्यात त्या लाडू खाणाऱ्या पोरीची आई आली, हसून काहीतरी म्हणाली. माझी लेक वळली आणि सरळ बापाकडे गेली. घरी येताना सायकलच्या दांड्यावर ती, मागे कॅरिअरवर मी. दुसऱ्या दिवशी वेणी घालायला कंगवा घेऊन बापापुढे बसली. त्या माणसाने उभ्या जन्मात कधी वेणी घातली नव्हती. वाकडीतिकडी घातली त्याने, आणि ती तशीच शाळेत गेली. मग रोजच असं होऊ लागलं. माझ्या हातून जेवायची, माझ्याशेजारी झोपायची, पण पाहुण्याच्या घरी राहावं तशी राहायची. नवऱ्याचं म्हणणं, लेकरू आहे, विसरेल. ती विसरण्यातली नव्हती. माझीच पोरगी ती.

एक दिवस काकू भिंतीपाशी आली. नेहमीचा टोमणा नव्हता. हळू आवाजात म्हणाली, "लेकरू मले विचारून राहिलं होतं वं, दवाखान्यात पोरी बदलतात का म्हणून. जरा पाहा तिच्याकडे." मी भांडी घासत होते. हातातलं पातेलं तसंच ठेवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी मी खूप रडले. माझी मुलगी मला आपली आई मानायला तयार नव्हती, आणि तिला खोटं पाडायला माझ्याकडे काही नव्हतं.

त्याच सुमारास काकूच्या वरच्या खोलीत एक प्राध्यापिका भाड्याने राहत होत्या. पुण्याकडच्या, एकट्या, कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. त्यांचा स्वतःचा अभ्यास चालला होता: माणूस चेहरे लक्षात कसे ठेवतो. त्यासाठी त्या ओळखीपाळखीच्यांना घरी बोलवायच्या, चहा पाजायच्या आणि फोटो दाखवायच्या. आधी एक गठ्ठा दाखवायचा, मग त्यात दुसरे मिसळायचे आणि विचारायचं, यातले मघाचे कोणते? अंगणातल्या सगळ्या बायका जाऊन आल्या. त्यांना तो खेळच वाटला. काकू तर धडाधड बोट ठेवत गेली म्हणे.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, फोटोत कपडे का दिसत नाहीत? त्यांनी फोटो हनुवटीपासून कापलेले, केसही झाकलेले. मग कसं ओळखायचं? त्या म्हणाल्या, चेहऱ्यावरून. मी प्रयत्न केला. खरंच केला. डोळे मिटून बोट ठेवत गेले असते तरी तेवढेच बरोबर आले असते. मला वाटलं, आता ही बाई मला मतिमंद ठरवणार, आणि मी भांडायच्या तयारीने पदर खोचला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, तुम्ही तुमच्या मिस्टरांना कशावरून ओळखता? मी खाकरण्याचं सांगितलं. मग ठिगळाचं सांगितलं. मग फुलपाखराचं, आणि खोचलेल्या पदराने डोळे पुसले.

त्यांनी सांगितलं ते मला अजून आठवतं. मेंदूत निरनिराळ्या कामांच्या निरनिराळ्या जागा असतात. डोक्याला मार लागलेल्या काही माणसांना बाकी सगळं दिसतं, वाचता येतं, पण स्वतःची बायकोसुद्धा चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. डॉक्टरांनी हे पाहिलंय, लिहिलंय. माझ्या डोक्याला तर कधी मार लागला नव्हता. त्या म्हणाल्या, जन्मापासूनच असं असणाऱ्यांबद्दल माझ्या पुस्तकांत फारसं काही नाही. मी म्हटलं, म्हणजे मग मला ते नाहीच की. "पुस्तकात नाही म्हणून तुमच्यात नाही, असं कसं होईल?" त्या म्हणाल्या. "प्रेम एका ठिकाणी असतं आणि चेहरे दुसऱ्या ठिकाणी. तुमचं पहिलं शाबूत आहे." मला हलकं वाटलं आणि रागही आला. इतकी वर्षं घमेंडी म्हणून बोलणी खाल्ली, आणि हे कुणाला तरी माहीत होतं तर!

काकूला पटलं नाही. असं कुठं असते का, म्हणाली. तेव्हा प्राध्यापिकाबाईंनी तिला परत फोटो दाखवले, पण या वेळी उलटे, हनुवटी वर आणि कपाळ खाली. काकू गडबडली. एक फोटो हातात धरून कितीतरी वेळ बसली. म्हणाली, "अवं, हे त काहीच समजून नाही राहिलं. नाक दिसते, डोळे दिसते, पण कोण हाये ते नाही समजत."

"मले रोज असंच दिसते, काकू," मी म्हटलं.

तिने फोटो खाली ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर बाजारात भेटली की लांबूनच ओरडायची, "मी हावो वं, काकू!" सगळा बाजार वळून पाहायचा. पण महाराणी म्हणणं बंद झालं.

मोठ्या माणसाला फोटोने पटतं. पोरीला काय दाखवू? मी तिला जवळ बसवून सगळं सांगितलं, मेंदू, जागा, मार लागलेली माणसं. तिने नीट ऐकून घेतलं. ती हुशार आहे, तेव्हाही होती. मग विचारलं, "म्हणजे तुले मी अन् दुसरी पोरगी सारखीच नं?" मी म्हटलं, नाही गं बाई, असं कसं? ती म्हणाली, "मग चेहरा पाहून सांग." ते मला येत नव्हतं. मेंदूचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यापुढे आडवं झालं. दुसऱ्या दिवशी कंगवा बापाकडेच गेला.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मिरचीचा दिवस आला. अंगणातल्या सगळ्या मिळून भिवापूरच्या मिरचीचं पोतं आणायचो. आधी उन्हात वाळवायची, मग सगळ्यांनी बसून देठ खुडायचे आणि वाटणी करून कांडपाला न्यायची. भिवापुरी मिरची तोंडाला सौम्य वाटेल, पण पोतंभर खुडायला बसा म्हणजे कळेल. ठसका लागू नये म्हणून सगळ्या बायका नाकातोंडाला फडकी बांधून, डोक्यावरून पदर घट्ट घेऊन बसायच्या. नुसते डोळे, तेही लाल.

मी मध्येच उठून सगळ्यांना पाणी द्यायला गेले. काकूला गूळ लागतो, तो दिला. पलीकडच्या वहिनींना थंड चालत नाही, त्यांना साधं दिलं. प्राध्यापिकाबाई जिन्यावर उभ्या राहून पाहत होत्या. त्या धावत खाली आल्या. म्हणाल्या, आज तुम्ही एकदाही अडखळला नाहीत. मी म्हटलं, आज कशाला अडखळू? आज सगळ्या माझ्यासारख्याच. बोलता बोलता माझं मलाच कळलं की मला उन्हाळा का मानवतो.

संध्याकाळी मिरची आटोपली तेव्हा बाईंनी खेळ काढला. म्हणाल्या, सगळ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत चादर घ्यायची, एकेकीने नळापासून कडुनिंबापर्यंत चालायचं आणि मी ओळखायचं. बायकांना काय, निमित्तच पाहिजे होतं. घराघरांतून सोलापुरी चादरी निघाल्या. हातही धुतले नव्हते कुणी. मला ओट्यावर बसवलं. आतून नवराही बाहेर आला.

पहिली काकू आली. कंबरेत वाकून, जख्ख म्हातारीसारखी. मी म्हटलं, काकू, पाठ वाकवली पण पाय आपटणं कुठं लपवाल? अंगण हसलं. वहिनी ओळखल्या. चादर पुस्तकासारखी छातीशी धरून चाललेल्या स्वतः बाई ओळखल्या, त्यांनी तर कुणाच्या तरी चपला घातल्या होत्या. एकही चुकली नाही. प्राध्यापिकाबाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या, आणि मला वाटत होतं, बघा, बघून घ्या एकदाच्या.

मग पोरींनी हट्ट धरला, आम्ही पण. एकेक चादर चालत गेली, मी नाव घेत गेले. शेवटी आणखी एक छोटी चादर नळापाशी आली. ती लंगडत होती. पायात पुरुषी चपला, खूपच मोठ्या. हात चादरीच्या आत आखडून धरलेले. आणि एकाएकी सगळं अंगण गप्प झालं. काकू खाली पाहायला लागली. नवरा घसा खाकरायचं विसरला. हा खेळ राहिला नाही, हे मला त्या शांततेने सांगितलं.

पण ती कोण, हे मला कळेना. देवाशपथ कळेना. सोंग पक्कं होतं. प्रत्येक पावलाला वेगळीच लंगडायची, खांदे कधी वर कधी खाली. चपला नवऱ्याच्या होत्या, पण त्या कुणीही घातल्या असत्या, बाईंनी नव्हत्या का बदलल्या? त्या शांततेवरून नाव घेणं म्हणजे लोकांच्या तोंडावरून उत्तर चोरणं. ते तिला कळलं असतं. आणि चुकले असते तर संपलंच होतं. मिरचीने हातांची आग होत होती. मी तोंड उघडलं नाही.

चादर कडुनिंबापाशी पोचली आणि उभी राहिली. वाट पाहत. चालणं संपलं तसं सोंगही संपलं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. उजवा पाय चपलेतून अलगद बाहेर आला आणि त्याच्या तळव्याने डावी पोटरी घासायला लागला. खाटेचा खूर धरून पहिल्यांदा उभी राहिली ना, तेव्हाही ती अशीच पोटरी घासत होती. मला वाटलं होतं डास चावला. डास नव्हता. तिचं उभं राहणंच तसं आहे.

"ये वं बाई माझी," मी म्हटलं.

चादरीतून जाड आवाज आला, मुद्दाम काढलेला. "कोणाले म्हणून राहिली?"

"तुले. पोटरी घासून राहिली त्या पोरीले."

पाय पटकन खाली गेला. मग तिच्या स्वतःच्या आवाजात, बारीक, "चेहरा न पाहता?"

"चेहऱ्यानं त मले कोणीच समजत नाई," मी म्हटलं. "तू मले चेहऱ्याबिगर समजते."

ती त्या मोठ्या चपला तिथेच टाकून पळत आली आणि चादरीसकट माझ्या मांडीत घुसली. मी तशीच तिला घट्ट धरली. चादरीला मिरचीचा वास होता, आम्हा दोघींना शिंका येत होत्या आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पुसायला हात वर केला तर तिने चादरीतून हात काढून माझं मनगट धरलं.

"हात नको लावू डोळ्याले, मिरचीचे हायेत," ती म्हणाली. चादरीचं टोक घेऊन तिने माझे डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा, मी तिचे पुसायची तसेच. मग बापाने घातलेली वाकडी वेणी पुढे ओढून पाहत म्हणाली, "उद्या वेणी तू घाल. आज नको. आज झोंबते."